जड ते खरं

गणपतीच्या मूर्तींसाठी नावाजलेल्या हमरापुरात मनस्वीच्या हाताचा बोलबाला होता. पोरगी दहावीतली, पण मूर्ती उचलली की डोळे मिटून सांगायची, शाडूची की प्लास्टरची. शाडू जड, प्लास्टर हलकं, एवढीच ती गोष्ट. पण रंग चढल्यावर भलेभले फसत, ती नाही. गेल्या मोसमात एका व्यापाऱ्यानं शाडूच्या म्हणून आणलेल्या अकरा मूर्तींतल्या चार तिनं मुकाट बाजूला काढून ठेवल्या, आणि तेव्हापासून तिची मान जी ताठ झाली ती झालीच. वर्गात शेवटच्या बाकावर पुटपुटणारी मनस्वी आता हात वर करून बोलायला लागली होती.

यंदा मात्र घरच्या मूर्तींच्या कारखान्यात कौतुकाला कुणाला सवड नव्हती. दिवाळीनंतर तिच्या बाबांच्या, प्रविणच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. आखणीला, म्हणजे गणपतीचे डोळे काढायला, या माणसासारखा हात नाही असं पंचक्रोशीत म्हणत. तोच हात आता मांडीवर ठेवला की मांडीवरच राहायचा. शब्दही तोंडात घोळून वाकडेतिकडे बाहेर पडत, म्हणून बाबांनी बोलणंच टाकलं होतं.

एक बरं होतं. मागची चार वर्षं बाबा आखणी करताना मोबाइल स्टँडला लावून ठेवत. असे तीनशे बारा व्हिडिओ झाले होते. प्रत्येक घराच्या गणपतीची नजर वेगळी, आणि ती दरसाल तीच लागते. रोह्याच्या महिपतींचा गणपती किंचित खाली बघणारा, पायाशी बसलेल्या पोराकडं बघावं तसा. आई, दिपिका, आता त्या व्हिडिओंवरून शिकत होती. थांबवायचं, एक रेघ ओढायची, पुन्हा चालू करायचं. स्क्रीनवर बाबांचा हात चालायला लागला की बाबा उठून मागच्या पडवीत जाऊन बसत.

आणि ज्या कॉम्प्युटरात हे सगळं होतं, तो मरायला टेकला होता. सुरू व्हायला अर्धा तास लावायचा, आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज.

"जुनी डिस्क जाणार," मनस्वीनं जाहीर केलं. "नवी डिस्क, एसएसडी, टाकायला लागेल. मी बघते सगळं."

"जमंल ना गो तुला?" आई म्हणाली. "ह्यांचा हात त्याच्यातच हाय."

"आई, मी काय लहान हाय?"

शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं पेणहून गाडी पकडली आणि रोह्याला उतरली. तिथं आईच्या मावसबहिणीचं, नूतनमावशीचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मावशीनं एक खोकं काढून समोर ठेवलं.

"हा घे. पाचशे जीबी. तुझे व्हिडिओ दोनशे जीबीच्या आसपास, म्हणजे निम्मी जागा उरेल. चांगली कंपनी, पाच वर्षांची वॉरंटी, आणि तीन हजाराच्या आत."

"मोबाइलवर दोन टीबीचा, याच्या चौपट, सतराशेला मिळतोय."

"सतराशेला?" मावशी हसली. "अगो, सतराशेत त्याचं खोकं येतं."

मनस्वीनं तो एसएसडी तळहातावर घेतला. वर खाली करून बघितला. पापडाएवढा हलका! "मावशी, हा पोकळ हाय."

"पोकळच असतो. आत नखाएवढ्या चार चिपा. फिरणारं काय नसतं त्याच्यात."

"आमच्याकडं असल्याला प्लास्टर म्हणतात."

"तुमच्याकडं गणपती घडवतात, बाय माझे. हा काय गणपती हाय?"

दुकानदार आपलाच माल खपवणार, असं मनाशी म्हणत मनस्वी रिकाम्या हातानं परत फिरली आणि गाडीतच मोबाइलवरून दोन टीबीचा मागवून टाकला.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. हातात घेतल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. चांगलं घट्ट, भरीव वजन. ती पळतच पडवीत गेली आणि तो बाबांच्या डाव्या हातावर ठेवला. "बाबा, बघा. शाडू का प्लास्टर?"

बाबांनी तोलला. थोडा वेळ तोलला. मग मान डोलावली: शाडूच. सहा महिन्यांत कारखान्याच्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी मान डोलावली ती पहिल्यांदाच. मनस्वीला आणखी काय पाहिजे होतं?

रविवारी सकाळी तिनं तो बसवला. दुपार टळेपर्यंत व्हिडिओ एकेक करून उतरले. तीनशे बारा नावं तिनं मोजून घेतली, पहिले तीन चालवून बघितले. झकास. मंगळवारी जुनी डिस्क कायमची गप्प झाली, तेव्हा ती आईला म्हणाली, "बघ, वेळेवर केलं का नाय?"

गुरुवारी आईनं महिपतींच्या गणपतीचा व्हिडिओ लावला. पडदा काळा. दुसरा लावला, काळा. मनस्वी धावत आली. तिनं एकामागून एक सगळे उघडले. पहिले सत्तेचाळीस चालले. पुढं नुसती नावं होती. नावांच्या आत काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळा बुडवून रोह्याला गेली. मावशीनं स्क्रू काढून त्या जड एसएसडीचं झाकण उघडलं. आत एका कोपऱ्यात मोबाइलच्या कार्डासारखी लहानशी पट्टी, सत्तेचाळीस व्हिडिओंपुरतीच, आणि बाकी जागेत डिंकानं चिकटवलेला लोखंडाचा तुकडा.

"लोक हातात घेऊन बघतात ना," मावशी हळूच म्हणाली. "म्हणून घालतात." टोमणा मारायची केवढी संधी होती, पण तिनं मारला नाही. त्याचंच मनस्वीला जास्त लागलं.

जुनी डिस्क मावशीनं दोन दिवस ठेवून घेतली. काही निघालं नाही. मुंबईला अशा डिस्का उघडतात, पण तो खर्च हमरापूरच्या एका कारखान्याला झेपणारा नव्हता, आणि तिथंही खात्री कुणी देत नव्हतं. वाचलेले सत्तेचाळीस व्हिडिओ मावशीनं त्याच हलक्या एसएसडीवर घालून दिले.

रविवारी ते घेऊन परतताना गाडीत मनस्वीनं बाबांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवली. कासू स्टेशन येईपर्यंत चार पाठ झाली होती. घरी पोचली तेव्हा एकही उरलं नव्हतं.

बाबा पडवीत होते. तिनं लोखंडाचा तुकडा त्यांच्यापुढं ठेवला.

"बाबा, दोनशे पासष्ट गेले. मावशी सांगत होती. मी ऐकलं नाय."

बाबांनी तुकडा डाव्या हातात घेतला. वर खाली केला. बराच वेळ.

"मी... बी," ते म्हणाले. ओठ एका बाजूला ओढला गेला. "मी बी... तोल-ला."

मनस्वीला रडू फुटलं. बाबांनी तिला जवळ घेतलं नाही, की गप्प हो म्हटलं नाही. भिंतीला धरून ते उठले आणि पाय ओढत कारखान्यात गेले.

आत आई महिपतींच्या मूर्तीपुढं बसली होती. कॉम्प्युटर बंद होता. बाबा तिच्या शेजारी स्टुलावर टेकले. आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, श्वास धरला आणि मूर्तीच्या उजव्या डोळ्यात बुबुळाची रेघ ओढली.

"नाय."

आईचा ब्रश थांबला.

"वर... ग्येला. खा... खाली. पोर बस-लाय... खाली."

आईनं ओल्या फडक्यानं ती रेघ पुसली. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. मनस्वी पुसायला पुढं झाली, तर त्यांनी डाव्या हातानं तिला मागं सारलं. नजर त्या कोऱ्या डोळ्यावरच होती.

आईनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला, टोक केलं आणि डोळ्याजवळ नेऊन धरला. पुढचा शब्द यायला वेळ लागत होता. ती थांबून राहिली.