कोरी पट्टी

बाळांनो, डोळे मिटा आणि नाक चिमटीत धरा. आता कुणी तुमच्यापुढे साबण धरला, तर तो गुलाबाचा की लिंबाचा, सांगता येईल? नाही ना? आपल्या गोष्टीतल्या मुलीच्या आईचं तसंच झालं होतं. आणि तिचं काम काय, तर साबणाच्या कारखान्यात सुगंध मिसळायचं!

तिच्या सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, मऊ गाठी वाढल्या होत्या. डॉक्टरांनी नाकातूनच बारीक दुर्बीण घालून त्या काढल्या. बाहेर एक ओरखडासुद्धा नाही.

"वाट मोकळी केली," ते म्हणाले. "वास परत येणं माझ्या हातात नाही. रोज वास ओळखायचा सराव करा."

सरावाला चार बाटल्या होत्या. गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. क्रम ठरलेला. मुलगी कागदाची पट्टी बुडवून आईच्या नाकाशी धरायची. पहिले दोन महिने आई नुसती नकाराची मान हलवायची. मग एके दिवशी चारही उत्तरं बरोबर आली. मुलगी घरभर नाचली.

त्याच आठवड्यात कारखान्यातले सुपरवायझर आले.

"काय, नाकाने कांदे सोलणाऱ्या बाई! येतो का वास?"

"येतो की," आई म्हणाली.

"मग सोमवारी या. नाहीतर साहेब दुसरं माणूस घेतात. माझं कुणी ऐकत नाही हो."

"बघाच तुम्ही. चिमणे, आण गं बाटल्या."

आईने डोळे मिटले. गुलाब बरोबर, लिंबू बरोबर, निलगिरीही बरोबर. पाहुण्यांसमोर चिमणीची धांदल उडाली होती. चौथी पट्टी तिने बाटलीत न बुडवताच पुढे केली.

आईने खोल श्वास घेतला. "लवंग. चांगली कडक आहे."

चिमणीने हातातल्या कोऱ्या पट्टीकडे पाहिलं. मग आईच्या चेहऱ्याकडे. म्हणजे गेले काही दिवस आई पाठ झालेला क्रमच म्हणत होती.

"वा! बघू, मीही हुंगतो," सुपरवायझर म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले. "थांब हं, आधी नाक पुसतो."

चिमणी पाठमोरी झाली. लवंगेच्या बाटलीचं झाकण करकरलं. आईने ते ऐकलं, पण डोळे उघडले नाहीत. चिमणीने पट्टी बाटलीत बुडवली आणि सुपरवायझरांच्या हातात दिली.