छातीवरची चार भोकं

मी कोंबडी बोलतेय. दचकू नका, खरी नाही. आत लाकडाचा ठोकळा, वर कागदाचा लगदा आणि त्यावर तपकिरी रंगाचे तीन हात, अशी मी नाटकातली भाजलेली कोंबडी आहे. पंचवीस वर्षांत एकाच माणसाने मला खायचा प्रयत्न केला. तीच गोष्ट सांगते.

आमचं नाट्यगृह म्हणजे हौशी मंडळींनी चालवलेला एक हॉल. लोक आधी टेबलांवर जेवतात आणि मग तिथेच बसून नाटक बघतात. जे वाढतात तेच नंतर तोंडाला रंग फासून स्टेजवर येतात. मला घडवलं ताईंनी. मंडळींच्या सगळ्या सामानाच्या त्याच मालकीण: खोटे दागिने, खोटी पत्रं आणि खोटी मी. पहिल्याच विनोदी नाटकात त्यांचा धाकटा भाऊ नवरा झाला होता. बायकोच्या हातची कोंबडी किती कडक झालीय हे दाखवायला त्याने मला टेबलावर आपटलं. ठक ठक! हॉल असा हसला की त्यानंतर प्रत्येक विनोदी नाटकात, संबंध असो नसो, मी असतेच. लोक माझी वाट बघतात, उगाच फुशारकी नाही मारत.

दरवर्षी ताई मला नव्याने रंगवतात. गेली दोन वर्षं मात्र त्या बोटांनी चाचपत रंगवत होत्या आणि माझी एक तंगडी हिरवी झाली तरी त्यांना पत्ता नव्हता; बाकीच्यांना तीही गंमतच वाटली. मी काय ते समजले. त्यांना दिसेनासं झालं होतं. कळलं तर घरी बसवतील, या धास्तीने त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपल्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाकली आणि स्टेजवर त्या पावलं मोजत फिरू लागल्या. मला फार वाईट वाटायचं.

यंदा पंचविसावं वर्ष, म्हणून आमची गाजलेली चार विनोदी नाटकं पुन्हा लावली. पहिल्याच प्रयोगाला ही गर्दी! स्वयंपाकघरात हात ठेवायला जागा नव्हती. वाढायला असलेल्या शिंपीकाकांनी खऱ्या कोंबडीचं झाकलेलं ताट लाकडी ट्रेसकट घटकाभर ताईंच्या टेबलावर टेकवलं आणि तसंच झाकलेलं माझं ताट बाजूला सरकवलं. ताईंचा हात नेहमीच्या जागी गेला. खरी कोंबडी ट्रेसकट पडद्याआड स्टेजवर गेली आणि काकांनी उरलेलं ताट, म्हणजे मला, एका सभ्य गृहस्थांपुढे नेऊन ठेवलं.

माणसं भारी भिडस्त. त्या गृहस्थांनी माझ्या छातीत काटा खुपसला, तो निघता निघेना. सुरी चालवून पाहिली. पण यजमानांना वाईट वाटेल म्हणून हूं की चूं केलं नाही, मुकाट्याने पाव खाल्ला.

तिकडे नाटक सुरू झालं. भावाने झाकण काढलं आणि सवयीने कोंबडी उचलून आपटली. ठक कुठलं, पचकन आवाज आला आणि शर्टावर शिंतोडे उडाले. तो क्षणभर गांगरला. मग एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि नाटकातल्या बायकोला म्हणाला, "पंचवीस वर्षांनी शिजली गं बाई, एकदाची." लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक नाचतच सामानाच्या खोलीत आले. ताईंची काय ही युक्ती, आता रोज असंच करू, कोंबडी खरीच आणू, असं त्यांचं सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिंपीकाकांच्या हातात होते, छातीला चार भोकं घेऊन. ताई गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं.

"युक्ती नव्हती ती," त्या म्हणाल्या. "मला दिसलं नाही. दोन वर्षं झाली, दिसत नाही."

टाळ्या थांबल्या. भाऊ शर्ट पुसता पुसता थबकला. रोज शेजारी बसून जेवणारा तो, आणि त्यालाच कळलं नव्हतं.

"ताई, मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तूच घरी बसवलं असतंस."

ते खरंच होतं. दिग्दर्शक चाचरत म्हणाले की मग सामानाचं दुसरं कोणीतरी बघेल, ताईंनी आता आराम करावा. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. तेव्हा भावाने मला काकांच्या हातून घेतलं आणि टेबलावर आपटलं. ठक ठक. कोणी हसलं नाही.

"चूक तिची नाही," तो म्हणाला. "तिची वस्तू दुसऱ्याने हलवली. यापुढे या टेबलाला कोणी बोट लावायचं नाही. ताई नसेल तर मीही स्टेजवर नसेन."

शिंपीकाकांनी कान पकडले. दिग्दर्शकांनीही मान हलवली.

आता चौथं नाटक चालू आहे. माझी भोकं लगद्याने बुजवून देतो, असं काका म्हणाले होते. ताईंनी साफ नाही म्हटलं. तुम्ही आलात तर माझ्या हिरव्या तंगडीला खुशाल हसा, पण आत डोकावलात तर त्या टेबलावरचं काही हलवू नका, एवढी विनंती. झाकण ठेवण्याआधी ताई माझ्या छातीवरून बोट फिरवतात. एक, दोन, तीन, चार. मग हळूच म्हणतात, "चल गं, आपली वेळ झाली."