जावयानं निवडलेली कॉइल

अधिक महिन्यात आमच्याकडं जावई म्हणजे चालताबोलता देव. माझे दाजी भुजंगराव यांनी यंदा आपल्या देवाला पुरणाचे धोंडे वाढले, चांदीचं ताट दिलं, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून जीपची कॉइलही त्यालाच निवडायला लावली.

दाजींची जीप पेट्रोलवरची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिचे इग्निशनचे पॉइंट सारखे जळायचे, म्हणून दाजींनी ते काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. आता त्याला चालेल अशी स्पार्कची कॉइल हवी होती, आणि तीही लगेच. सोमवारी माझ्या भाचीला, सुकन्याला, नांदेडच्या एका कॉलेजात मुलाखतीला जायचं होतं. विजेच्या प्रयोगशाळेतली नोकरी. डिप्लोमा करून लग्न झालं आणि पोरगी घरीच बसली. त्यानंतरचं हे पहिलं बोलावणं. ती एसटीनं जाते म्हणाली, तर घरची जीप असताना एसटी कशाला, असं म्हणून दाजी रुसले.

आम्ही सगळे औशाहून लातूरला दुकानात गेलो. दुकानदारानं दोन कॉइली पुढं ठेवल्या. एक साधी काळी, दुसरी लालभडक, रेसिंगची. जावई शिवशंकर, म्हणजे सुकन्याचे यजमान, विमा विकतात. गाडीची त्यांना माहिती मागच्या सीटपुरती. त्यांनी लाल कॉइल उचलली, कलिंगड पारखावं तशी टिचकी मारली आणि म्हणाले, "हीच घ्या. हिचा स्पार्क तगडा असतो."

सुकन्यानं किटसोबतचा कागद वाचला होता. ती बापाला म्हणाली, "अण्णा, किटला तीन ओहमची लागती. ही एक ओहमचीबी न्हाई. करंट लई ओढंल, किटमधलं मॉड्यूल जळून जाईल." एवढं बोलून तिनं दुकानातल्याच मीटरवर दोन्ही कॉइली मोजून दाखवल्या.

दाजींनी मीटरकडं पाहिलंच नाही. ते जावयाच्या तोंडाकडं बघत होते. "जावईबापूंनी पसंत केली हाय. धोंड्याच्या महिन्यात त्यांच्या हातातली वस्तू माघारी ठिवायची व्हय?"

"दाजी, जावयाला मान द्या, गाडीला कॉइल द्या," मी म्हणालो. मी पडलो साला, माझं कोण ऐकतो. दुकानदारानं तर लाल कॉइल कधीच पिशवीत टाकली होती.

सोमवारी जीप झकास निघाली. लातूर मागं पडलं तसे जावई खुलले. पिकअप बघा, पिकअप बघा, असं त्यांनी अहमदपूरपर्यंत ऐकवलं. लोह्याच्या अलीकडं जीपनं आचके दिले आणि ती बंद पडली. बॉनेट उघडलं तर तापलेल्या कॉइलला हात लावायची सोय नव्हती आणि मॉड्यूलचा जळका वास येत होता.

"कॉइल एक नंबर आहे," जावई म्हणाले. "तुमचं किटच लेचंपेचं निघालं."

हातात फाइल धरून सुकन्या नुसती बापाकडं बघत राहिली. तिला मुलाखतीची काळजी होतीच, पण त्या घटकेला तिला बापाच्या तोंडून एक शब्द हवा होता. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि दाजींना दिसत नव्हतं, याचा मला भयंकर राग आला.

दाजी बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "जावईबापू म्हणतात ते खरं हाय. किटच खराब."

तेवढ्यात नांदेडची एसटी आली. सुकन्यानं हात केला.

"अगं, थांब की. आत्ता सुरू होईल जीप," जावई म्हणाले.

"होऊ द्या," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. मागं वळून तिनं कुणाकडंच पाहिलं नाही.

जावई मोबाइलला रेंज शोधत रस्त्यानं पुढं गेले. मग दाजी माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी बराबर म्हणत होती."

"मग मघाशी तिच्या तोंडावर म्हणायचं होतं की."

मी काहीतरी भलतंच बोललो अशा नजरेनं दाजींनी माझ्याकडं बघितलं.

"जावयादेखत?"