चौथ्या गाण्यातला खोकला

थोर संगीतात शांततेला आवाजाइतकंच मोल असतं, हे नांदेडात फक्त आनंदराजच ठामपणे सांगू शकत असे. कारण त्याच्याकडची हार्ड रॉकची कॅसेट इथं दुसऱ्या कुणी चौथ्या गाण्यापर्यंत सहन केलेली नव्हती.

चौथ्या गाण्यात ड्रम, गिटारी, किंकाळ्या एकदम थांबतात आणि त्या शांततेत गायक खोकतो. "याला म्हणतात कलावंत," आनंदराज कॉलेजपासून सांगत आला होता. "घसा फाटला, पण लपवला न्हाई."

आज मात्र बऱ्याच वर्षांनी, मुलीच्या, सृष्टीच्या मोबाईलवर ते गाणं इंटरनेटवरून काढून, कानात इयरफोन खुपसून, त्यानं तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. खोकला काही येईना.

त्यानं आवाज शेवटापर्यंत वाढवला, तरीही नाही. तो मालगाडीवर गार्ड होता आणि दुपारी कानांची तपासणी होती. कान गेले की गाडीवरून उतरवून टेबलावर बसवतात. मुदखेडचा शेषेराव असाच उतरला होता. आता दिवसभर पंख्याखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "आँ?" विचारत असे.

"सृष्टी, तू ऐक गं."

मुलीनं ऐकलं. "काहीच न्हाई, पप्पा. नुसती शांतता हाय."

पोरगी पहिल्यापासून मायाळू. खोकला ऐकूनही बापाचं मन राखतेय, असं वाटून तो आणखीच घाबरला.

ऑटोत बसला तर रस्त्यावर हॉर्नही कमी वाजतायत असं वाटलं. नांदेडात हे शक्य नव्हतं. त्यानं कॉलेजातल्या मित्राला, भुजंगला फोन लावला. मूळ कॅसेट भुजंगची. आता तो बिलोलीत सिमेंट विकतो.

"भुज्या, चौथ्या गाण्यात तो खोकतो का न्हाई?"

"कोण?"

"गायक रे!"

भुजंग इतका हसला की ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं. "आरं येड्या, ते तुझे बाबा! तुझ्या घरी दोन टेप समोरासमोर ठेवून माझ्या कॅसेटवरून तुझी भरली न्हाई का आपण? दार लावलं, पंखा बंद केला, श्वास धरून बसलो, अन् नेमके बाबा बाहेर खोकले. लई चिडला होतास. दारावर उशी फेकलीस."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

"तू कलावंत-कलावंत करून राहिलास. म्हटलं, कशाला मोडा."

आनंदराजला उशी आठवली. त्यानंतर कॅसेट संपेस्तोवर बाबा अंगणात जाऊन उन्हात उभे राहिले होते, तेही आठवलं.

तपासणीत यंत्राची बारीकातली बारीक शिट्टी त्याला ऐकू आली. डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिलं. पण भीती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. बाबांचा फोटो भिंतीवर होता. आवाज मात्र त्या कॅसेटखेरीज कुठंच नव्हता.

घरी येताच त्यानं माळ्यावरची पेटी उपसली. कॅसेट सापडली, अगदी धडधाकट. त्यानं ती शर्टाला पुसली.

"ती कशाला काढली?" त्याची बायको रेणुका स्वयंपाकघरातून, फोडणी देता देता म्हणाली. "सृष्टीच्या नामकरणाची गाणी तुम्हीच भरली न्हाई का त्याच्यावर."

फोडणी चरचरत होती, तरी त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.