पंचवीस एमबीतला टाका

माझी बायको आठवड्यातून एकदा फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून पुस्तक बांधायला शिकवते. त्यात तिचा चेहरा कधीच दिसत नाही, फक्त हात दिसतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चेहऱ्यावरून एखाद्या नवऱ्याच्या पोटात दुखलं तर लोक समजून तरी घेतात. माझ्या पोटात दुखलं ते हातांवरून.

आम्ही दोघं एकाच छापखान्यात होतो. मी मुद्रितं तपासायचो, ती बांधणी खात्यात होती. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल गोल काढले. स्वतःचं एक पान कधी लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तरी कुणाला दाखवायचा धीर झाला नसता. तिचं तसं नाही. हातात सुई आली की तिला कुणाची भीड नसते.

शिकवण्याचं खूळ लेकीचं. फोन उभा करायला स्टँड तिने पाठवला आणि संगणकाचं काम माझ्या गळ्यात घातलं. "बाबा, तुम्ही नाहीतरी दिवसभर खुर्चीतच असता," म्हणाली. काम असं, की वीस मिनिटांचा व्हिडिओ फोनवर दोन जीबीचा भरतो. तो तसाच चढवला तर बघणाऱ्याकडे चक्र फिरत राहतं. म्हणून तो आवळावा लागतो. लेकीने मला फोनवर शिकवलं. "तीन गोष्टी आहेत बाबा. काम किती वेळात होतं, चित्र किती स्वच्छ राहतं आणि फाइल किती लहान होते. दोघींना खूश केलं की तिसरी रुसते. कुणाला रुसवायचं ते तुम्ही ठरवायचं."

मला ते चटकन समजलं, कारण मुद्रितं वाचतानाही हेच होतं. घाईत वाचलं की डोळा शब्दाचा नुसता घाट बघतो आणि पुढे सरकतो. संगणकाला वेळ दिला तर तो प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो, जे तेच आहे ते पुन्हा लिहीत नाही आणि वाचलेली जागा बारीकसारीक गोष्टींना देतो. त्याला घाई केली आणि फाइलही लहान मागितली, तर तो अंदाजाने पुसत सुटतो. सगळ्यात आधी पुसतो ते फिकटावरचं फिकट. आमच्या धड्यांत ते म्हणजे पांढऱ्या कागदावरचा पांढरा दोरा.

बघणारे दोनेकशे होते. बहुतेक जण अंगठा दाखवून जात. एकटा माणूस लिहायचा. दूर डोंगरात एका धरणावर दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या कामावर तो होता. तिथल्या विश्रामगृहात एक कपाटभर पुस्तकं ओलीने सुटी झाली होती, ती त्याने बांधायला काढली होती. आमच्या घरात त्याचं नाव पडलं धरणवाला. तो लिहायचा, "बाई, कालच्या धड्यात दोरा ओढताना तुम्ही करंगळी कागदावर टेकवलीत. ती मुद्दाम, की सवयीने?"

एक्केचाळीस वर्षं मी त्या करंगळीशेजारी जेवलो आहे. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"मुद्दाम की सवयीने?" मी तिला विचारलं.

"आता त्याने विचारल्यावर मलाच कळेना," ती म्हणाली आणि हसत हात उलटसुलट करून बघत बसली.

धरणवाल्याच्या खोलीत नेटवर्क नव्हतं. धरणाच्या भिंतीच्या पार टोकाला जाऊन उभं राहिलं की थोडं यायचं, आणि पंचवीस एमबीच्या वर काही उतरायचं नाही. बायको म्हणाली, "त्याच्यापुरती एक बारकी प्रत काढा की."

"त्याच्यापुरती वेगळी?"

"हो. बिचारा उन्हात उभा असतो."

"दूध आणायला मीही उन्हातच जातो."

"तुम्ही छत्री नेता."

पहिले आठ धडे मी नीट केले. आमचा संगणक म्हातारा आहे. सगळ्यात सावकाश पद्धत लावली तर वीस मिनिटांच्या व्हिडिओला अख्खा दिवस घेतो, पण पंचवीस एमबीतही दोरा टिकतो. मी सकाळी काम लावायचो आणि शेजारी वाचत बसायचो. त्या आठ धड्यांबद्दल कुणी मला काही म्हटलं नाही. म्हणावं अशी अपेक्षा होती असंही नाही. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मग सकाळच्या चहाबरोबर धरणवाला यायला लागला. ती त्याचा निरोप मोठ्याने वाचायची. "धरणवाला विचारतोय, खळ गार झाल्यावर लावायची का." "धरणवाला म्हणतोय, ओली पानं त्याने कपड्यांच्या दोरीवर वाळवली." मी पूर्वी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, ते कधी थांबलं ते आठवत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती नखं घासायला लागली.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"दोरा अडकतो नखात."

"छापखान्यात नव्हता अडकला कधी."

"तेव्हा कोण बघत होतं?" ती सहज म्हणाली.

मी बघत होतो. दर दुपारी मुद्रितांचा गठ्ठा पोचवायचं निमित्त काढून बांधणी खात्यात जायचो. हे तेव्हाही तिला सांगितलं नव्हतं, आताही नाही सांगितलं.

नववा धडा कडीचा होता. पुस्तक पानांच्या घड्यांचं बनतं, त्या घडीला जुज म्हणतात. एक जुज शिवून झालं की त्याच्या टोकाला सुई खालच्या जुजाच्या टाक्यातून फिरवून घ्यायची. त्या अडकवण्याला ती कडी म्हणते. कडी घेतली नाही तरी पुस्तक बाहेरून अगदी झालेलं दिसतं. उघडायला लागलं की जुजं एकेक करून हातात येतात.

त्या सकाळी धरणवाल्याने लिहिलं होतं, "बाई, तुमचे हात बघितले की दिवस बरा जातो." तिने तेही मोठ्याने वाचलं. लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच वाचलं, एवढं मलाही कळत होतं.

मी पंचवीस एमबी ठरवले आणि सगळ्यात वेगवान पद्धत लावली. नऊ मिनिटांत काम झालं. सवयीने तपासायला बसलो. चौदाव्या मिनिटाला सुई जुजाच्या टोकाशी येते आणि तिथे दोरा नाहीसा होतो. नुसती बोटं हवेत काहीतरी करतात आणि पुढच्या जुजावर जातात. मी मागे नेऊन तीनदा पाहिलं. इतक्या लहान फाइलमध्ये आणखी काय दिसणार, असं स्वतःशी म्हणालो. आधीच्या आठ लहान फाइली मीच केल्या होत्या, तरी म्हणालो. आणि पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. आत एक जाड पुस्तक होतं, राखाडी पुठ्ठ्याचं, कोपरे सफाईने मुडपलेले. सोबत चिठ्ठी. "बाई, पहिलं पूर्ण पुस्तक. चुकलं असेल तर कान धरा." बायकोने ते दोन्ही हातांनी धरलं, कण्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा तरी, किती सरळ बांधलंय!" मी चष्मा पुसत राहिलो. मग तिने ते उघडलं आणि चौथं जुज तिच्या मांडीवर पडलं. पाचवंही सरकलं.

ती खिडकीशी जाऊन बसली. टोचा घेऊन तिने एकेक जुज वर करून पाहिलं. मी वाचत असल्यासारखा बसलो होतो. पान उलटायचं मात्र विसरलो असणार, कारण ती म्हणाली, "अहो, ते राहू द्या. इकडे या."

गेलो.

"एकाही जुजाला कडी नाही. बाकी टाके बघा, एकसारखे. हात चांगला आहे त्याचा. मग कडीच कशी नाही?"

"विसरला असेल."

"वीसच्या वीस ठिकाणी? तुम्हीच सांगायचात ना, एखाद्या ठिकाणी चूक असेल तर ती खिळे जुळवणाऱ्याची, पण सगळीकडे तीच असेल तर ती मूळ प्रतीत असते?" तिने टोचा खाली ठेवला. "मूळ प्रत मी आहे. मीच कडी घेतली नसणार."

"असं कसं होईल?"

"होतं. हिवाळ्यापासून हा अंगठा थरथरतो. तुम्हाला सांगितलं नाही." तिने डावा हात पुढे केला. अंगठा खरोखरच हलत होता, बारीक. तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. "हाताला सवय म्हणून तो फिरत असेल आणि मला वाटत असेल घेतली. अशा हाताने लोकांना शिकवायचं म्हणजे त्यांची पुस्तकं फुकट घालवायची. लेकीला सांगा, पुढच्या आठवड्यापासून बंद."

इथे मला खरं लिहायलाच हवं. क्षणभर मला बरं वाटलं. धडे बंद म्हणजे धरणवाला बंद. चहा आमच्या दोघांचा. मी तिला म्हणालोसुद्धा, "दगदग होतेच तुला."

त्याचं पुस्तक निदान नीट करून परत पाठवावं म्हणून तिने सुई घेतली. दोरा ओवायला गेली, तो चुकला. पुन्हा गेली, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा तिने सुई डोळ्यांजवळ नेली, आणि जे हात कुणाला भीत नव्हते ते मी भीत भीत काम करताना पाहिले. माझे हात आयुष्यभर तसेच चालले आहेत. तिचे तसे झालेले मला बघवेनात.

"संगणकाशी ये जरा," मी म्हणालो.

मूळ फाइल मी कधी पुसत नाही. दोन जीबीची ती फाइल उघडून मी चौदाव्या मिनिटाला आणली. सुई टोकाशी आली, खालच्या टाक्यातून फिरली, पांढरा दोरा ताणला गेला आणि कडी बसली. अंगठा थरथरत होता, तरी कडी अगदी जागच्या जागी होती. तिने पुढे वाकून पाहिलं.

"पुन्हा दाखवा."

दाखवलं. मग पुढचं जुज, मग त्याच्या पुढचं.

"घेतलीय की मी!" तिने खुर्चीची पाठ धरली. "मग त्याला का नाही दिसली?"

मी त्याची प्रत उघडली. तेच हात, तोच कागद. दोरा नव्हता.

"हे कोणी केलं?"

"मी केलं. घाईची पद्धत लावली. दोरा जातोय हे पाठवायच्या आधी दिसलं होतं."

"दिसलं होतं आणि पाठवलंत?"

"हो."

"का?"

"तुझे हात बघितले की त्याचा दिवस बरा जातो म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं हसेल. हसली नाही. "मला वाटलं माझे हात गेले," ती म्हणाली. "आणि तुम्ही समोर बसून म्हणालात, दगदग होते." मग आत निघून गेली.

दुपारपर्यंत घरात भांड्यांचाच आवाज होता. जेवताना तिने वाढलं, पण काय हवं ते विचारलं नाही. शेवटी ताट उचलता उचलता म्हणाली, "अहो, एकसष्ट वर्षांचा आहे तो. खालचे दात नाहीत त्याला. स्वतःच लिहिलं होतं, दोरा दाताने तोडता येत नाही म्हणून."

"ते तू वाचून नाही दाखवलंस."

"तुमचं तोंड बघून वाचणं सोडलं होतं मी." तिने ताट खाली ठेवलं. "त्याला तुम्ही लिहायचं. माझी चूक नव्हती, त्याचीही नव्हती, असं स्वच्छ लिहायचं. आणि तो धडा पुन्हा काढायचा, नीट."

पत्र मी चारदा खोडलं. पाचव्यांदा चार ओळींचं झालं, तेवढंच पाठवलं. मग सगळ्यात सावकाश पद्धत लावली, पंचवीस एमबी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं.

दहाच्या सुमारास ती दाराशी आली. "किती झालं?"

"सहा टक्के."

अकराला पुन्हा आली. "आता?"

"चौदा."

कुणासाठी विचारतेय ते मला माहीत होतं, आणि ते अजूनही टोचत होतं. तरी तासातासाला दाराकडे माझे कान लागत होते. दुपारी ती त्याचं पुस्तक आणि सुई-दोरा घेऊनच आली.

"याच्याहून लवकर नाही होणार? मधली एखादी पद्धत असेल की."

"आहे."

"मग तिच्यात कडी दिसणार नाही?"

नाही, असं म्हणायला जीभ वळली होती. एका शब्दाचं काम होतं, आणि ती दिवसभर अशीच येत राहिली असती. "बहुतेक दिसेल," मी म्हणालो. "पण खात्री नाही. ही पद्धत लावली तर खात्री आहे."

तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडची खुर्ची ओढून खिडकीच्या उजेडात घेतली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि सुई माझ्यापुढे धरली.

"राहू द्या मग, सावकाशच होऊ द्या. एवढा दोरा ओवून द्या."

मी ओवून दिला. पहिल्या खेपेला गेला नाही, दुसऱ्या खेपेला गेला. तिने पहिली कडी घेतली, दोरा ओढला, आणि करंगळी कागदावर टेकली.

"किती झालं?" तिने मान वर न करता विचारलं.

"एकोणचाळीस," मी म्हणालो. पडद्याकडे मी पाहिलंच नव्हतं, म्हणून मग पाहिलं. एक्केचाळीस होते. तसं तिला सांगितलं.