पायाकडची बाजू

सोमवारी लेकीला सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं होतं, आणि गुरुवारपासूनच घराची छावणी झाली होती. बापाला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. उभा जन्म त्यांनी रंगरूट घडवण्यात घालवला होता. भरती झालेल्या नव्या पोरांना चालायला, उभं राहायला, जेवायला, इतकंच काय, झोपायलाही शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर मैदान सुटलं, आवाज तेवढा राहिला. बायको गेल्यापासून तोही खाली आला होता. आता लेकीच्या निमित्ताने तो पुन्हा थोडाथोडा वर यायला लागला.

"ताटावर बसलीस की गप्पा बंद," ते जेवताना म्हणाले.

"का पण?"

"उठा म्हटलं की उठायचं असतं. घास हातात असला तर तो तिथेच राहतो."

"आणि पोट नाही भरलं तर?"

"दुसऱ्या दिवशी आपोआप भराभर खायला येतं. पोटासारखा मास्तर नाही."

लेक हसली, पण घास मोठा घेतला. ते बघून उस्तादांना बरं वाटलं.

बूट तिने आठ दिवस आधीच आणले होते. उस्तादांनी ते हातात घेऊन वाकवून बघितले, टाचेच्या आत बोट फिरवलं आणि घरात घालून फिरायला सांगितलं. ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत खाडखाड फिरत राहिली.

"नवा बूट चावतोच. फोड आला तर लगेच सांगायचं. लाज वाटून लपवणारी पोरं मैदानात आडवी होतात. फोडाने कोणी मरत नाही, लपवलेला फोड मात्र पाय घेऊन बसतो."

"आणि ओरडतात किती?"

"कान किटेपर्यंत. सात पिढ्यांचा उद्धार होईल. पण तो तुझा नसतो, रांगेचा असतो. मी एवढा ओरडलो, पण एकाही पोरावर राग नव्हता."

"घरी तर तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"घरी मी रंगरूट होतो ना," उस्ताद म्हणाले आणि बुटाची नाडी उगाच घट्ट करत बसले.

शेजारची शिंपीण दुपारी आली. लेकीच्या दोन पँटी तिने लांबीला कमी करून दिल्या होत्या, आणि एका छोट्या कापडी पिशवीत सुई, दोरा, बटणं घालून आणली होती. कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं.

"उस्ताद, पोरीला सैन्यात पाठवताय की सासरी? सकाळपासून उपदेश ऐकू येतोय भिंतीतून."

"सासरी पाठवताना एवढी तयारी लागत नाही."

"लागते हो. तुम्हाला काय माहीत, तुम्ही कधी नांदायला गेलात?" शिंपीण लेकीकडे वळली. "सगळं शिकवलं का गं यांनी? यांच्या हातचा पलंग म्हणे सगळ्या बराकीत नावाजलेला होता. तुझी आई सांगायची. चादरीला सुरकुती म्हणून नाही."

"तेच राहिलंय," लेक म्हणाली. "बाबा, पलंग कधी शिकवताय?"

"ते तिथे शिकवतील," उस्ताद म्हणाले.

"तिथे शिकेपर्यंत रोज बोलणी खाऊ का?"

"सगळेच खातात."

शिंपिणीने उस्तादांकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि दूध ओट्यावर ठेवून आलेय म्हणून निघून गेली.

घरात लोखंडी पलंग एकच होता, आतल्या खोलीत. लेक बाहेर दिवाणावर झोपायची; त्याला कोपरे मारायला चादर खोचण्याची सोय नव्हती. शिकवायचं तर आतल्याच पलंगावर. आणि तो पलंग उस्तादांनी बायको गेल्यापासून विस्कटला नव्हता. दवाखान्यात जायच्या दिवशी तिला नीट उभंही राहवत नव्हतं, तरी तिने तो आवरला होता. आल्यावर पसारा बघायला नको, म्हणाली होती. ती आलीच नाही. त्या दिवसापासून उस्ताद पलंगाशेजारी चटई टाकून झोपत. सगळ्यांच्या आधी उठायची जन्माची सवय, त्यामुळे लेक जागी व्हायच्या आत चटई गुंडाळून दाराआड उभी राहिलेली असायची.

शनिवारी ते पाव आणायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत येऊन बघतात तर लेक आतल्या खोलीत. हातात चटई.

"ही इथे कशाला, बाबा?"

उस्तादांनी पाव टेबलावर ठेवला. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"रंगरूटांची जुनी युक्ती. सकाळी तपासणी असते ना, तेव्हा पोरं पलंग रात्रीच करून ठेवतात आणि खाली जमिनीवर झोपतात. म्हणजे सकाळी धावपळ नको. मी पकडायचो त्यांना. पण सवय मलाच लागली बघ."

लेक हसायला लागली. "म्हणजे तुमची तपासणी कोण करतं?" असं म्हणत ती पलंगाकडे वळली आणि तिचं हसू थांबलं. अंगावर घ्यायची चादर तीन बाजूंनी ताठ खोचलेली होती. पायाकडची बाजू मात्र मोकळी, खाली लोंबती. उस्तादांनी केलेला पलंग असा कधीच नसता. त्यांचे पाय रात्री तापायचे, पांघरुणाबाहेर लागायचे, म्हणून ती बाजू फक्त आई मोकळी सोडायची. त्यावरून आईची बोलणी लेकीने लहानपणापासून ऐकली होती. "तुमच्या पलटणीला पाय नसतील, माझ्या नवऱ्याला आहेत," आई म्हणायची.

लेकीने चादरीवर बोट टेकवलं. बोटाला धूळ लागली.

"बाबा, हा आईने केलेला आहे."

उस्तादांनी टेबलावरचा पाव थोडा आत सरकवला.

"तेव्हापासून तुम्ही खाली झोपताय?"

"पाठीला बरं असतं."

"फोड लपवायचा नाही, असं परवा कोण सांगत होतं?"

लेक चटई पसरून तिच्यावरच बसली, बुटांसकट. मग शांतपणे म्हणाली, "मी नाही जात. पुढच्या भरतीला बघू."

"पुढच्या भरतीला वय जाईल तुझं."

"जाऊ दे."

"वेडी आहेस का?"

"असेन. तुम्ही इथे जमिनीवर, आणि मी तिथे कवायत करू? माझं लक्ष लागेल?"

उस्ताद स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं आणि त्यात पत्ती टाकायला विसरून नुसतंच पाणी उकळत उभे राहिले. किती पोरं त्यांनी घरी परत गेलेली बघितली होती. लोकांना वाटायचं, धावण्याला घाबरली. धावण्याला कोणी घाबरत नाही, पाय शिकतात. परत जायची ती मन घरी ठेवून आलेली पोरं. कोणाची आई आजारी, कोणाचं भांडण मिटवायचं राहिलेलं. अशी पोरं पहिल्या दिवशीच त्यांना ओळखू यायची. त्यांना बोलून काही उपयोग नसायचा. घराचंच काहीतरी करावं लागायचं. आणि आता ते घर म्हणजे ते स्वतः होते.

पाणी आटत आलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

"उठ," ते आतल्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले. आवाज मैदानातला होता. लेक दचकून उभी राहिली. "बूट काढ. पलंग शिकायचाय ना?"

"बाबा, नको. राहू द्या तो."

"उठल्यावर वाद नाही घालायचा. हे पण शिकवायचं राहिलं होतं."

चादर त्यांनी स्वतःच काढली. उशीकडून धरली, ओढली नाही, सावकाश उचलली. छातीशी धरून घडी घातली, घडीवर घडी, आणि कपाटात बायकोच्या साड्यांवर ठेवली. 

मग धुतलेली चादर काढली. "बघ. आधी मधली रेघ. मग डोकं. कोपरा असा उचलायचा, गादीवर टाकायचा, खालचं खोचायचं, मग हा खाली. कर."

लेकीने केलं. उस्तादांनी बघितलं आणि सगळी चादर उपसून टाकली.

"परत."

"एवढी चांगली झाली होती!"

"गाढवाच्या पाठीवर छान दिसेल. परत."

तिसऱ्यांदा उपसल्यावर ती रडकुंडीला आली, मग चिडली, आणि चिडल्यावर कोपरा पहिल्यांदा सरळ आला. भिंतीपलीकडून शिंपिणीचा आवाज आला, "झाला का हो पलंग? इथे माझी शिवण चुकतेय!" लेक खुदकन हसली. उस्तादांनी कोपऱ्यावरून हात फिरवला. पुढे बोलले नाहीत, म्हणजे पास.

त्या रात्री चटई गुंडाळलेलीच राहिली.

सोमवारी सकाळी लेक बॅग भरून तयार होती. केस शिंपिणीने आदल्या दिवशी कानाच्या वर कापले होते, त्यामुळे मान उघडी दिसत होती आणि ती आईसारखी दिसत होती. रिक्षा खाली उभी होती, तरी ती बूट वाजवत आतल्या खोलीत गेली. उस्ताद मागे आले.

पलंग आवरलेला होता. उशीवर खोलगट जागा नव्हती. उस्ताद तेवढं राहू देणारे नव्हते. पण चादर कालसारखी नव्हती, झोपून उठल्यावर नव्याने घातलेली होती. तीन बाजू ताठ. पायाकडची मोकळी.

लेकीने पाठ सरळ केली, हात मागे बांधले.

"रंगरूट, ही बाजू का सोडली?"

उस्ताद दारात ताठ उभे राहिले.

"पाय बाहेर लागतात, साहेब."

तिने पलंगाला एक फेरी मारली, वाकून कोपरा बघितला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण धूळ दिसली तर मी परत येईन."

"सुटीशिवाय यायचं नाही," उस्ताद म्हणाले, आणि तिची बॅग उचलून जिन्याकडे निघाले.