लटारूभाऊच्या कानातले शेवट

साजापूर तुकूमच्या वाचनालयाचे अध्यक्ष लटारूभाऊ यांच्या उजव्या कानाला गावात फार मान होता. डाव्याने ऐकू कमी यायचं, म्हणून जे काय राज्य होतं ते एकट्या उजव्याचं.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली, दोन कपाटं, तीनशे पुस्तकं आणि अकरा वाचक. दर रविवारी सकाळी सगळे जमायचे, वाचून झालेलं पुस्तक मधोमध ठेवायचे आणि त्याला चिचोके द्यायचे. जीव रमला तर पाच, बरं असलं तर तीन, वेळ फुकट गेला तर एक. मग प्रफुल ते मोजून व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकडा टाकायचा. प्रफुलचं चौकात कृषी केंद्र. युरिया विकता विकता हा पठ्ठ्या आठवड्याला चार पुस्तकं संपवायचा आणि चारही पुस्तकांना पाच-पाच चिचोके द्यायचा. एकदा तर त्याने खाकी कव्हर घातलेल्या रेल्वेच्या वेळापत्रकाला पाच दिले आणि वर ग्रुपवर लिहिलं, 'कथानक वेगवान.'

त्या दिवशी लटारूभाऊ भडकले आणि नियम निघाला. शेवट सांगितल्याशिवाय चिचोके नाहीत! पण शेवट चारचौघांत फोडला तर बाकीच्यांची मजा जाते. म्हणून तो अध्यक्षांच्या उजव्या कानात सांगायचा. भाऊ डोळे मिटून ऐकणार, मान हलवणार आणि 'पास' म्हणणार. असा कारभार.

आता खरं ते सांगून टाकतो, उगाच झाकून काय करायचं? लटारूभाऊंनी जन्मात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. छत्तीस वर्षं लाकडाच्या सरकारी डेपोत ओंडक्यांवर हातोड्याने शिक्के मारले, निवृत्त झाल्यावर पुस्तकांवर 'वाचले' असा शिक्का मारायला लागले, एवढाच काय तो फरक. पंधराव्या पानाच्या आत डोळा लागलाच म्हणून समजा. आणि अध्यक्षाला शेवट विचारतो कोण? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण माणूस लबाड नव्हता हो. गावात पुस्तकं यावीत म्हणून ऊर्जानगर या वीज वसाहतीच्या क्वार्टरांमध्ये दारोदार फिरून यानेच पोती भरली होती आणि बसच्या टपावर चढवून आणली होती. प्रेम होतं, फक्त झोप त्याहून जास्त होती.

अशाच एका पोत्यातून एक बिननावाची कादंबरी आली. वरचं कव्हर गेलेलं, लेखकाचा पत्ता नाही. त्यात जमिनीची मोजणी करायला आलेला एक साहेब होता आणि नायिकेचं नाव तुळसा, नदीवर डोंगा चालवून लोकांना पैलतीरी नेणारी. म्हणून सगळे त्याला तुळसाचं पुस्तक म्हणायला लागले. भाऊंनी दहा पानं वाचली, एक डुलकी काढली आणि शिक्का मारला.

पहिल्यांदा ते नेलं प्रफुलने. चार दिवसांनी भाऊंच्या कानाला लागून म्हणाला, "तुळसा कलेक्टर होते, भाऊ. अन् नदीवर पूल बांधते." भाऊ म्हणाले, "पास."

मग नेलं आशाबाईंनी. आशाबाई अंगणवाडीच्या. त्या कुजबुजल्या, "लगन होते तिचं, त्या मोजणीवाल्या सायबासंगं. जुळे होते, एक पोरगा, एक पोरगी."

भाऊ चपापले. "अन् कलेक्टर नाई होत काय?"

आशाबाई घाईने म्हणाल्या, "होते ना बाप्पा! जुळे झाल्यावर."

"पास," म्हणाले भाऊ, पण मनात कुठेतरी खडा लागला.

तिसरे पत्रूभाऊ. झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं खलनायक केलेला माणूस. त्यांना कुजबुजणं म्हणजे काय ते माहीतच नाही, त्यामुळे सगळ्यांना बाहेर उभं करावं लागलं. पत्रूभाऊंनी सांगितलं की मोजणीवाला साहेब तुळसाच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो, मरता मरता सात मिनिटं बोलतो आणि मग तुळसाही नदीत उडी घेते.

"अन् जुळे?" भाऊंनी विचारलं.

पत्रूभाऊ म्हणाले, "ते आधीच पुरात गेले, भाऊ."

'पास' म्हणता म्हणता मात्र भाऊंच्या डोक्यात उजेड पडला. तिघांतले निदान दोघे थापा मारतात. पण कोण, हे कळायला पुस्तक वाचलेलं पाहिजे, आणि तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

शेवटी भाऊ ते पुस्तक घेऊन शेतात गेले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या तुरीवर माकडं पडतात, म्हणून दुपारभर मचाणावर बसायचं काम होतंच. पंधरावं पान आलं. डोळा लागला नाही. चाळिसावं आलं, तुळसाचा डोंगा भोवऱ्यात सापडला. भाऊ पाणी प्यायचे विसरले. चार दुपारी ते वाचत राहिले आणि चार दुपारी माकडांनी तूर खाल्ली. बायको कडाडली, "माकडं राखाले गेलते का त्यायले जेवण वाढाले?" भाऊंना ऐकू आलं नाही, आणि यात डाव्या कानाचा काही दोष नव्हता. एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर तुळसाने डोंगा पाण्यात लोटला, मागे वळून काठावरच्या साहेबाकडे पाहिलं आणि म्हणाली...

पुढे पुठ्ठा! पानंच नाहीत. उसवून कधीच गळून गेलेली.

भाऊंना आधी रडू आलं, मग राग आला. तिघेही चोर आहेत हे कळलं. पण पकडणार कोण? पकडणारा तर चौथा. तीन खोट्या शेवटांना डोळे मिटून पास करणारा तोच. तोंड उघडलं तर पहिली इज्जत आपलीच जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून भाऊंनी पुस्तक गुपचूप कपाटात सारलं. आणि दुसऱ्याच रविवारी ते कमळाबाईंनी उचललं.

कमळाबाई शाळेत पोरांची खिचडी रांधायच्या. पन्नाशीत अक्षर ओळखायला शिकल्या होत्या, त्याच पोरांकडून. अजून त्या वाचक नव्हत्या. एक पुस्तक पुरं केलं की चिचोके द्यायचा हक्क, आणि हे त्यांचं पहिलं.

"बाई, दुसरं न्या," भाऊ घाईघाईने म्हणाले. "त्याचं अक्षर लय बारीक हाय."

"मोठं हाय म्हणून तं घेतलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "सून म्हणते, आई, तुमच्यानं नाई होत. आता पुरं करूनच दाखवतो. नाई झालं तं परत पुस्तकाले हात लावत नाई, कानाले खडा!"

चार महिने त्या वाचत होत्या. भांडी घासून झाली की शाळेच्या पडवीत, ओळीवर बोट ठेवून. भाऊंचे ते चार महिने कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. पडवीवरून जाताना ते बाईंचं बोट कितव्या पानावर आहे ते चोरून बघायचे.

शेवटी तो रविवार आला. कमळाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. पदराच्या गाठीत पाच चिचोके. त्या भाऊंच्या कानाशी वाकल्या.

"भाऊ, याले शेवट नाई. 'म्हणाली' म्हणते अन् संपते. मी दोनदा पायलं. मायंच काई चुकलं का?"

 भाऊंना सुटायची एकच वाट दिसली. "पास!" ते जोरात म्हणाले.

"पास कशी?" कमळाबाई त्याहून जोरात म्हणाल्या. "मी तं शेवट सांगतलाच नाई! शेवटच नाई म्हणतो मी."

 प्रफुल, आशाबाई आणि पत्रूभाऊ, तिघांनी तीन दिशांना पाहिलं. चोराच्या मनात चांदणं! मग प्रफुल मोठ्याने हसला. "शेवट नाई असं पुस्तक असते का बाई कुठी? आमी सगळ्यायनं वाचला."

"हो ना," आशाबाई म्हणाल्या, पण कमळाबाईंकडे न बघता.

"मस्त शेवट हाय," पत्रूभाऊ म्हणाले.

कमळाबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, म्हणून त्यांना सगळं खरंच वाटलं. "सगळ्यायले दिसला?" त्या म्हणाल्या. "मंग मलेच नाई दिसला. अक्षर येते, पुस्तक नाई येत मले. सून बरोबर म्हणे." आणि पुस्तक खाली ठेवून, पदराची गाठ न सोडता, त्या दाराकडे निघाल्या.

 लटारूभाऊंना छत्तीस वर्षांत सडक्या लाकडावर शिक्का मारताना कधी लाज वाटली नव्हती, ती आज वाटली.

"थांबा, कमळाबाई!" ते उभे राहिले. "तुमचं काई चुकलं नाई. त्याची मागची पानंच नाईत."

"अन् मंग मले पास काऊन केलं, भाऊ?" प्रफुल उसळून म्हणाला आणि लगेच त्याने स्वतःची जीभ चावली.

"कारण तवा मी वाचलंच नोतं, लेका!" भाऊ ओरडले. "हे पण नाई अन् कपाटातलं एक पण नाई. शिक्के मारले नुसते. तुमी खोटं बोलून राह्यले होते अन् मी खोटं ऐकून राह्यलो होतो. अख्ख्या गावात हे पुस्तक वाचून कोणं खरं सांगतलं असेल तं या बाईनं. बाकी आपण सारे नापास!"

 आशाबाई पदराने तोंड पुसत राहिल्या. कमळाबाई दारातून परत आल्या, ऐटीत मधोमध बसल्या आणि गाठ सोडली.

"पुस्तकाले पाच," त्या म्हणाल्या आणि चिचोके ठेवले. मग त्यांनी चिचोक्यांच्या डब्यातले आणखी मूठभर उचलले. "आता तुमी भाऊच्या कानात काय काय सांगतलं ते मोठ्यानं सांगा. मले ऐकाचं हाय."

सांगावं लागलं. कलेक्टरला एक चिचोका मिळाला, कारण पूल झाला तर तुळसाचा धंदा बुडेल हे प्रफुलच्या लक्षात आलं नव्हतं. जुळ्यांना दोन मिळाले. पत्रूभाऊंनी हातवारे करून सात मिनिटांचं मरण करून दाखवलं, आणि कमळाबाई कडाडल्या, "मायी तुळसा मारली? काईच नाई तुमाले!"

मग त्या भाऊंकडे वळल्या. "तुमचा शेवट, भाऊ?"

"मले नाई मालूम, बाई," लटारूभाऊ म्हणाले. "चार महिन्यापासून तोच इचार करून राह्यलो. काय म्हणाली असेल ती?"

"मी पण," कमळाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाऊंना तीन दिले.

त्या दिवसापासून शेवट कमळाबाईंच्या कानात सांगायचा असं ठरलं. भाऊंनी चौऱ्याण्णव पानांचं एक पुस्तक घरी नेलं. झोप आली की उभं राहून वाचलं, उभ्याने आली की चालत वाचलं. तिसऱ्या रविवारी ते बाईंच्या कानाशी वाकले. सगळं सांगून झाल्यावर बाईंनी पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान बोट फिरवत पडताळायला घेतलं. बाईंचं वाचणं सावकाश. दोन चहा झाले. भाऊ भिंतीला टेकून उभेच.

"पास," कमळाबाई म्हणाल्या.

भाऊ चिचोके द्यायचेही विसरले आणि थेट घरी पळाले. अंगणातूनच ओरडले, "पास झालो वं! पास झालो!"

बायको सूप घेऊन बाहेर आली. तिने या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोणत्या वर्गात?"

"पह्यल्या," लटारूभाऊ म्हणाले.